बाराव्या जोडीचा हात

सहलीच्या सूचनापत्रातला सातवा नियम वाचून विज्ञानाचे नवे सर इतके हसले, की त्यांच्या बोटात अडकवलेला किल्ल्यांचा जुडगाही खुळखुळायला लागला.

"ऐका हो, ऐका. 'मोजणीच्या वेळी मुलांचे हात मोजू नयेत. प्रत्येकाचा चेहरा उजेडात पाहावा, नाव घ्यावे, आणि त्याच्याकडून पूर्ण वाक्यात उत्तर घ्यावे.' पूर्ण वाक्यात! सहलीला निघालोय की तोंडी परीक्षेला?"

गणिताच्या बाई ओळखपत्रांना दोऱ्या ओवत होत्या, त्याही हसल्या. चित्रकलेच्या सरांना हसायला निमित्त लागतच नाही. शनिवारची रात्र, घड्याळात नऊ वाजून वीस मिनिटं. पहाटे साडेपाचला बस सुटायची होती, आणि शिक्षकांच्या खोलीत औषधाच्या पेट्या, पाण्याच्या बाटल्या आणि एकतीस मुलांच्या याद्या यांचा नुसता पसारा झाला होता.

भाऊसाहेब तेवढे हसले नाहीत. भाऊसाहेब म्हणजे शाळेचे जुने क्लार्क. तीस वर्षं त्यांनी या शाळेच्या प्रत्येक सहलीचे कागद केले, आणि ही त्यांची शेवटची सहल होती. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हा नियम ज्यांनी घातला ना, ते तुम्ही बसलाय त्याच खुर्चीवर बसायचे," ते म्हणाले.

विज्ञानाच्या सरांनी उगाच खुर्चीकडे पाहिलं.

"भुताची गोष्ट आहे वाटतं," चित्रकलेचे सर खुर्ची पुढे ओढत म्हणाले.

"भुताची की कशाची ते तुम्हीच ठरवा. मला खुद्द भिंगसरांनी सांगितलीय. आणि तो माणूस खोटं बोलणारा नव्हता. खोटं बोलायला समोरच्यावर थोडा तरी विश्वास लागतो. यांचा कुणावरच नव्हता."

मग दिवा तसाच ठेवून, दार लोटून घेऊन, भाऊसाहेबांनी जे सांगितलं ते असं.

भिंगसर शाळेत भूगोल शिकवायचे. भिंग हे नाव मुलांनी ठेवलेलं, कारण सर प्रत्येक गोष्ट बारकाईने पाहायचे आणि पाहताना त्यांना तिच्यात काहीतरी काळंबेरं दिसायचंच. कुणी आजारी म्हणून रजेचा अर्ज दिला, की सर अर्जाखालची सही उजेडात धरून बघायचे. कुणी पहिल्यांदाच पैकीच्या पैकी मार्क मिळवले, की त्याच्या शेजारच्याचा पेपर आधी काढायचे. बाकी माणूस सोन्यासारखा. शिकवायला लागले की त्यांचं तोंड थांबायचं नाही. त्यांच्यासोबत चार पावलं चाललं, तरी पायाखालचा दगड कुठून आला, किती वर्षांचा आहे, हे ऐकल्याशिवाय पाचवं पाऊल पडायचं नाही.

त्या वर्षी नववीची सहल थेट उत्तरेकडच्या एका थंड देशात न्यायचं ठरलं. ज्वालामुखींचा देश. काळे डोंगर, काळी वाळू, जमिनीतून उसळणारी गरम वाफ. आयुष्यभर फळ्यावर जे काढलं, ते प्रत्यक्ष बघायला मिळणार, म्हणून भिंगसरांना महिनाभर झोप नव्हती. चोवीस मुलं निघणार होती. बरोबर बारा जोड्या. सहलीला जोड्या लावायची पद्धत शाळेत पहिल्यापासून आहे. आपल्या जोडीदाराचा हात धरायचा, शिट्टी वाजली की दोघांनी धरलेले हात वर करायचे आणि आपला नंबर ओरडायचा. पण निघायच्या आधी चार दिवस एका मुलाचा पाय मोडला. उरली तेवीस. त्याच्या जोडीची मुलगी एकटी पडली.

ती मुलगी होती बारकी. वर्गात सगळ्यात लहानखुरी, म्हणून हे नाव. आणि ती भिंगसरांची सख्खी भाची.

सरांची बहीण कपडे शिवायची. नवरा लांब नोकरीला, घरात ही एकुलती एक. निघायच्या आदल्या रात्री तिने भावाच्या हातात एक पुडकं ठेवलं. आत हातमोज्यांचे दोन जोड होते, एक मोठा, एक लहान. एकाच गुंड्याची तांबडी लोकर, एकाच हाताची वीण.

"दादा, हिचा हात सोडू नकोस," ती म्हणाली. "तुझ्या भरवशावर पाठवतेय. नाहीतर पाठवली नसती."

"माझी जोडीदारच आहे ती," सर म्हणाले. "बारावी जोडी. सुटेल कशी?"

आता गंमत अशी, की शाळेत बारकी त्यांना मामा म्हणायची नाही. सर म्हणायची. तसा सरांचाच दंडक होता. भाचीला झुकतं माप देतो असं कुणी म्हणू नये, म्हणून ते तिला इतरांपेक्षा दोन मार्क कमीच द्यायचे. सहलीतही तेच. गुरुवारी सकाळी वसतिगृहातून निघताना सरांची बॅटरी सापडेना. सरांनी सगळ्या मुलांसमोर पहिली बॅग उघडली ती बारकीची. का? तर संशय आधी आपल्या माणसावर घेतला, की मग दुसऱ्यांच्या बॅगा उघडायला तोंड राहतं. बॅटरी शेवटी सरांच्याच कोटाच्या अस्तरात निघाली, तीही सेल उतरलेली. पोरीचे कपडे मात्र जमिनीवर पसरलेले राहिले. तिने ते गोळा केले, एक शब्द बोलली नाही. दिवसभर बोलली नाही. बसमध्ये सरांशेजारी बसली, पण तोंड खिडकीकडे.

"चुकलंच की हो त्यांचं," गणिताच्या बाई म्हणाल्या.

"त्यांनाही कळत होतं. पण तेवीस मुलांसमोर माफी मागायची कशी? संध्याकाळी मागू, असं म्हणत राहिले."

तो डिसेंबरचा तिसरा गुरुवार. त्या देशात डिसेंबरात सूर्य म्हणजे घाईतला पाहुणा. अकराला येतो, साडेतीनला चपला घालतो. चार वाजता डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख. म्हणून ही जी रात्र सांगतोय ती घड्याळात रात्र नव्हतीच. संध्याकाळचे चार वाजून दहा मिनिटं.

बस जिथे उभी राहायची, तिथून वाफेच्या मैदानापर्यंत पाऊलवाट होती. वाटेला लाकडी खांब, प्रत्येकावर पिवळा पट्टा आणि नंबर, असे चाळीस खांब. खांबाखांबांतून दोरी बांधलेली. दोरीच्या पलीकडे जमीन दिसायची, पण ती जमीन नव्हे. दुधावर साय धरते ना, तशी दगडाची पातळ साय, आणि खाली उकळता चिखल. सगळीकडे सडक्या अंड्यांचा वास.

वाट दाखवायला तिथली एक बाई होती. पन्नाशीची, उंच, कमी बोलणारी. भिंगसरांना ती पहिल्या दिवसापासून खटकली. तिची मोजायची तऱ्हाच वेगळी. प्रत्येक मुलापुढे उभी राहायची, त्याचा मफलर खाली करायची, बॅटरीचा उजेड चेहऱ्यावर टाकायची आणि तो काहीतरी बोलेपर्यंत हलायची नाही. नुसतं 'हजर' म्हटलेलं तिला चालायचं नाही. वाकून वाट बघत राहायची. मूल अवघडून म्हणायचं, "मला थंडी वाजतेय," मग पुढे जायची.

"ही बाई मुलांच्या तोंडात काय शोधते?" सरांनी पीटीच्या बाईंना विचारलं होतं. पीटीच्या बाईंना मुलं शिट्टीबाई म्हणायची.

"तिची पद्धत असेल, सर."

"पद्धत नाही. काहीतरी लपवतेय ती."

आणि त्या गुरुवारी सरांनी तिला स्पष्टच सांगितलं, की आमच्या मुलांची मोजणी आम्ही करू. आमच्या जोड्या आहेत. बाई काही क्षण त्यांच्याकडे बघत राहिली. मग मोडक्यातोडक्या भाषेत, निम्मं हातवाऱ्यांनी म्हणाली, "हात नको. तोंड बघा." सरांनी मान हलवली आणि सोडून दिलं.

वाफ बघून झाली, फोटो झाले. परत फिरायची शिट्टी झाली. सगळ्यात पुढे वाट दाखवणारी बाई, मग शिट्टीबाई, मग अकरा जोड्या, आणि शेपटाला सर आणि बारकी. सरांना आपल्या भूगोलाच्या कपाटासाठी तिथला एक दगड हवा होता. दोरी ओलांडायची नाही आणि काही उचलायचं नाही, असं बाईने दहादा बजावलेलं. पण खांब नंबर एकतीसपाशी, दोरीपासून हातभर आत, एक दगड पडला होता. काळा, जाळीदार, हातात मावेल असा. सरांचा जीव खालीवर झाला.

आणि जो माणूस जन्मभर दुसऱ्यांच्या चोऱ्या पकडत आला, त्याला भाचीसमोर दोरीखालून वाकायची लाज वाटली.

"तू पुढे हो," ते म्हणाले. "शेवटच्या जोडीला गाठ आणि त्यांच्यासोबत चाल. मी आलोच."

बारकीने त्यांच्याकडे पाहिलं. काही न बोलता ती पुढे गेली. वीस पावलांवर वाफेचा लोट आडवा आला आणि त्यात ती दिसेनाशी झाली.

सर आडवे झाले, हात लांबवला, दगड काढला, कोटाच्या उजव्या खिशात टाकला. गुडघे झाडून उठले. लागलंच तर एक मिनिट लागलं. वाटेवर आले, तर वाफ इतकी दाट की पुढचा खांबसुद्धा दिसेना. ते अंदाजाने चालू लागले.

आणि त्यांच्या डाव्या हातात एक लहान हात आला.

सरांना काय वाटलं असेल? भीती? छे. बरं वाटलं त्यांना. पोरगी थांबली होती आपल्यासाठी, रागात असूनही थांबली. लोकरीतून त्या हाताची ऊब लागत होती. सरांनी मूठ घट्ट केली.

"थांबलीस होय," ते म्हणाले.

उत्तर नाही.

"अजून राग आहे?"

उत्तर नाही. सकाळपासून नव्हतंच, तेव्हा त्यात नवल काय. सर चालत राहिले. अंधार होता, कुणी ऐकणारं नव्हतं. मग त्यांनी जे दिवसभर घशात अडकलं होतं ते बोलून टाकलं.

"सकाळी माझं चुकलं, बाळा. तुझी बॅग उघडायला नको होती. तुझ्यावर संशय होता म्हणून नाही उघडली. तुझ्यावर नव्हता म्हणूनच उघडली. आता हे तुला कसं सांगू... पण चुकलं. मामाचं चुकलं."

त्या लहान हाताने त्यांचा हात दाबला.

सरांचे डोळे भरून आले. जीव भांड्यात पडला म्हणतात, तसं झालं त्यांना. पुढे त्यांनी दगडाबद्दल सांगितलं, वाफेबद्दल सांगितलं, जमिनीच्या पोटातल्या उष्णतेबद्दल सांगितलं. ती मुकाट्याने चालत होती. खांब जात होते. सव्वीस. बावीस.

एकोणीस नंबरच्या खांबाशी हात थांबला.

पुढे येईना. सरांनी ओढलं, तर तो मागे ओढू लागला. डावीकडे. दोरीच्या बाजूला.

"काय झालं? चल."

हात हलेना.

"अगं थंडी किती आहे. सगळे पुढे गेले. चल म्हणतो ना!"

त्यांनी जोर लावला. क्षणभर तो हात तुटेल इतका ताठ राहिला. मग सैल झाला, आणि सोबत आला.

इथे भाऊसाहेब थांबले आणि भांड्यातलं पाणी प्यायले.  विज्ञानाच्या सरांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या होत्या.

दहाव्या खांबाशी शिट्टी वाजली. रांग थांबली. "जोड्या!" शिट्टीबाई ओरडल्या. हात वर जाऊ लागले. एक, हजर. दोन, हजर. तीन... अकरापर्यंत आलं. बाईंनी बॅटरी मागे फिरवली.

"बारा?"

"बारा, हजर!" सर ओरडले आणि त्यांनी डावा हात वर केला. धरलेला हातही वर आला. जरासा उशिरा आला, पण आला. शिट्टीबाईंना वाफेत दोन हात दिसले. त्यांनी पुढे जायची शिट्टी दिली.

बस दिसली. पुढचे दिवे लख्ख लागलेले, इंजिन सुरू. ड्रायव्हर दाराशी उभा राहून एकेका मुलाला आधार देऊन चढवत होता. सर सगळ्यात शेवटी पोचले. पायरीशी आल्यावर त्यांनी बूट आपटले, कोटाचा खिसा चाचपला. "चढ," ते म्हणाले आणि बाजूला झाले. हात सुटला होता. कधी सुटला ते कळलं नाही. चढली असेल. ते चढले.

आत गरम होतं, मुलांचा कलकलाट होता. आपल्या जागेशी आले. बारकीची जागा रिकामी. तिची टोपी तेवढी सीटवर.

"बारकी कुठाय?"

"तुमच्यासोबत होती ना, सर?" अकराव्या जोडीतली एक मुलगी म्हणाली.

"आत्ता चढली की माझ्यापुढे."

"नाही, सर."

"नाही म्हणजे? कुठे लपवलीय तिला? ही मस्करीची वेळ आहे?"

 शिट्टीबाई म्हणाल्या, "मी हात बघितले, सर. तुम्हा दोघांचेही."

सर ड्रायव्हरकडे वळले. दाराशी तोच होता. मोजून घेत होता. त्याच्यावर तर सरांना पहिल्यापासून संशय. "माझ्यापुढे जी मुलगी चढली ती कुठे गेली?" त्यांनी खुणेने, शब्दांनी, जमेल तसं विचारलं.

ड्रायव्हरने मान हलवली. मग एक बोट वर केलं. एकटे. मग त्याने दिव्यांकडे दाखवलं. त्याने सरांना दिव्यांच्या उजेडात येताना लांबून पाहिलं होतं. आणि कसे येत होते, तेही त्याने करून दाखवलं.

डावा हात अंगापासून लांब. कोपरात वाकलेला. मूठ अर्धी मिटलेली. आणि मान खाली वळलेली... कुणाशी तरी बोलत असल्यासारखी.

सरांनी स्वतःची डावी मूठ उघडून पाहिली.

आयुष्यात त्यांनी कुणाकुणावर संशय घेतला नव्हता? मुलांवर, सहकाऱ्यांवर, शिपायावर, त्या वाट दाखवणाऱ्या बाईवर, ड्रायव्हरवर, सख्ख्या भाचीवर. घेतला नाही तो फक्त त्या हातावर. आणि त्या हाताच्या नादात बहिणीची एकुलती एक पोर त्यांनी मागे सोडली होती. त्या सायीसारख्या जमिनीच्या कडेला, अंधारात, एकटी.

वाट दाखवणारी बाई आधीच खाली उतरली होती. तिच्या हातात मोठा कंदील. ती सरांना रागावली नाही, काही विचारलंही नाही. फक्त त्यांच्या डाव्या हाताकडे एकदा पाहिलं आणि चालू लागली. घड्याळात चार वाजून पस्तीस झाले होते.

दोघं जवळजवळ पळत होते. पाच. आठ. दहा. सर हाका मारत होते, पण वाफेच्या फुसफुशीत हाक चार पावलांवर मरत होती. बारा. चौदा. बहिणीला काय सांगायचं? कोणत्या तोंडाने? पंधरा. सतरा.

एकोणीस.

खांबाला मिठी मारून कुणीतरी बसलं होतं.

"बारकी!"

ती हलली नाही. दोन्ही हातांनी खांब आवळलेला. डोळे तेवढे त्यांच्यावर. कंदिलाच्या उजेडात सरांना आणखी एक दिसलं. दोरीच्या पलीकडे, काळ्या वाळूवर पडलेल्या बर्फात, पावलं उमटली होती. दहा आत गेलेली. दहा परत आलेली. सगळी लहान. सगळी बारकीचीच. दहावं पाऊल जिथे होतं, त्याच्या वीतभर पुढे बर्फ नव्हता... नुसती वाफ होती.

सरांनी हात पुढे केला. "चल, बाळा."

ती खांबाला आणखी चिकटली.

"हात नको," ती म्हणाली. "आधी बोला."

"अगं, मी आहे. मामा."

"बोला. अग्निजन्य खडक म्हणजे काय?"

सरांनी आणखी एक पाऊल पुढे टाकलं.

"सांगा ना!" ती रडत ओरडली. "सांगा नाहीतर मी येणार नाही!"

आणि त्या काळोखात, सडक्या अंड्यांच्या वासात, भिंगसर सांगू लागले. नाकातून पाणी वाहत होतं. "तप्त शिलारस थंड होऊन जो खडक तयार होतो त्याला... अग्निजन्य खडक म्हणतात. तो जमिनीच्या पोटात सावकाश थंड झाला तर त्याचे स्फटिक मोठे होतात... उदाहरणार्थ ग्रॅनाइट. आणि लाव्हा बाहेर येऊन लवकर थंड झाला तर..."

"बेसाल्ट," बारकी म्हणाली, आणि तिने खांब सोडला.

सरांनी तिला उचलून घेतलं. नववीतली पोर, पण उचलून घेतलं. आणि माफी मागितली, दुसऱ्यांदा. पहिली तिने ऐकलीच नव्हती.

बसकडे येताना तिने सांगितलं. ती शेवटच्या जोडीपर्यंत पोचलीच नाही. मागून कुणीतरी आलं आणि तिचा उजवा हात धरला. मोठा हात. तिला वाटलं मामा. चला, आता काहीतरी बोलतील. पण मामा बोललेच नाहीत. दगडाबद्दल नाही, वाफेबद्दल नाही. दहा खांब गेले, तरी एक अक्षर नाही. तिथेच तिला पहिल्यांदा शंका आली. एकोणिसाव्या खांबाशी तो हात दोरीकडे वळला. तिने विचारलं, "सर, दोरीच्या पलीकडे?" उत्तर नाही. "मामा?" उत्तर नाही. आणि ती दोरीखालून गेलीही, कारण मोठ्या माणसाने हात धरला होता. दहा पावलं गेल्यावर तिने विचारलं, "बेसाल्ट कसा तयार होतो?"

तेव्हाही उत्तर आलं नाही. मग तिने हात हिसकला आणि पळाली. हरवलात तर आहात तिथे बसा, हा शाळेचा नियम. ती खांबाशी बसली.

"जोरात धरला होता?" सरांनी विचारलं.

"नाही. सांभाळून धरला होता. वाईट नव्हता तो, मामा... घाईत होता. काहीतरी शोधत असल्यासारखा."

मग ती म्हणाली, "मी खांबाशी बसले होते तेव्हा तुम्ही वाटेवरून गेलात. तुमचा आवाज आला. मध्ये नुसती वाफ होती, मी हाक मारली. तुम्ही कुणालातरी 'चल म्हणतो ना' म्हणालात... आणि गेलात."

सर त्यावर काही बोलले नाहीत. पुढे कितीतरी वर्षं बोलले नाहीत.

वसतिगृहात आल्यावर हातमोजे शेगडीपाशी वाळत घातले, तेव्हा ते दिसलं. सरांच्या डाव्या हातमोज्याच्या तळव्यावर लोकर आटून घट्ट झाली होती. उकळत्या पाण्यात पडल्यावर आटते तशी. पण सगळी नाही. चार लहान बोटं आणि एक अंगठा, तेवढीच. बारकीच्या उजव्या हातमोज्यावरही तसंच. फक्त तिथली बोटं मोठी होती. दोघांच्याही हाताला साधा चटका नव्हता.

वाट दाखवणाऱ्या बाईने दोन्ही हातमोजे पाहिले. एकावर एक ठेवले, तळव्याला तळवा लावून. क्षणभर तसेच धरले. मग एक सरांना दिला, एक बारकीला, आणि निघून गेली.

भाऊसाहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. बाहेर पहारेकऱ्याची काठी फरशीवर वाजली आणि लांब गेली.

"म्हणजे ते दोघं..." गणिताच्या बाई म्हणाल्या. "एक मोठं आणि एक लहान. ते एकमेकांना शोधत होते..."

"मला माहीत नाही, बाई. सरांनाही माहीत नव्हतं. बहिणीने ते हातमोजे घरात ठेवू दिले नाहीत. सरांनी दगडासोबत इथेच आणून ठेवले, या भूगोलाच्या कपाटात. नमुना क्रमांक घालून, वहीत नोंद करून. आपला वरच्या खणात, बारकीचा खालच्या खणात. दोन्ही खणांना वेगळं कुलूप. दोन एकत्र ठेवायचे नाहीत, असं म्हणायचे. का, ते सांगायचे नाहीत. संशयी माणूस. गेल्या वर्षी वारले."

"आणि बारकी?"

"चांगली आहे. शिकवते. भूगोल."

विज्ञानाच्या सरांनी हसायचा प्रयत्न केला. "कपाटाच्या किल्ल्या सोमवारपासून माझ्याकडे आहेत, भाऊसाहेब. सगळ्या विषयांचा ताबा माझ्याकडे दिलाय. अजून उघडलेलं नाही मी ते. बघू या का?"

"बघा की."

सर उठले. दोन किल्ल्या चुकल्या, तिसरी लागली. वरचा खण ओढला. आत एक काळा जाळीदार दगड होता, खाली डकवलेली चिठ्ठी होती.

बाकी काही नव्हतं.

"हातमोजा कुठाय?"

भाऊसाहेब खुर्चीतून अर्धे उठले. "तिथेच असतो."

"नाहीये."

"मागच्या शनिवारी मी स्वतः बघून किल्ल्या मुख्याध्यापकांकडे दिल्यात..." त्यांचा आवाज खाली आला. "खालचा उघडा."

विज्ञानाच्या सरांनी खालचं कुलूप काढलं. खण ओढला. आणि हात मागे घेतला.

बाकी तिघंही कपाटापाशी आले.

दोन्ही हातमोजे आत होते. लहान हातमोजा मोठ्याच्या मुठीत होता. बोटं बोटांत इतकी नीट बसली होती की मध्ये फट नव्हती.

गणिताच्या बाईंनी हात पुढे करून लोकरीला बोट लावलं. ती गरम होती.